कौलं, जोती आणि एसटीचे निवारे : कोकणातल्या साध्या इमारती बघत केलेला प्रवास

गुरुवार : चिपळूण ते गुहागर

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी मांडवी एक्स्प्रेसने निघालो. या वेळी किल्ले नाही, बीच नाही, वॉटर स्पोर्ट्स तर नाहीच. बघायच्या होत्या त्या इमारती, त्याही ज्यांचे फोटो कोणी काढत नाही अशा. घरं, शाळा, एसटी स्टँड, देवळांचे सभामंडप, बाजारातली दुकानं. मला या इमारती लहानपणापासून आवडतात आणि गेल्या काही वर्षांत त्या इतक्या भराभर पडतायत की आता नीट बघून घेतल्या पाहिजेत असं मनात पक्कं बसलं होतं. प्रवास शक्य तितका एसटीने करायचा हेही आधीच ठरलेलं, कारण गाडीने गेलं की रस्ता दिसतो आणि एसटीने गेलं की गाव दिसतं.

चिपळूणला उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे स्टेशन आणि गाव यांचं फारसं नातं नाही. कल्याण, कर्जत घ्या, स्टेशनाच्या भोवती बाजार वाढलाय. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तोपर्यंत इथली गावं आपापल्या जागी शेकडो वर्षं बसलेली होती, खाडीकाठी नाहीतर घाटरस्त्यावर. त्यामुळे रेल्वेला जिथून जाता आलं तिथून ती गेली आणि स्टेशनं गावाबाहेर राहिली. गावाचा खरा दरवाजा अजून एसटी स्टँडच आहे.

चिपळूणच्या बाजारातून चालताना मी दुकानांच्या पायऱ्या बघत होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे सगळं पाण्याखाली होतं, त्या पाण्यापुढे कुठलंच जोतं पुरलं नसतं हे खरं, पण दरवर्षीचं जे पाणी येतं, अर्धा फूट एक फूट, त्याच्यासाठी जुन्या दुकानांना तीन-चार पायऱ्यांचं जोतं, म्हणजे जमिनीपासून उचललेला चौथरा, असायचं. नव्या दुकानांचा लादीचा मजला रस्त्याच्या बरोबरीला आणलाय, गिऱ्हाइकाला चढायला नको म्हणून. मला ही गोष्ट फार लागली. जोतं म्हणजे या प्रदेशातल्या इमारतीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण भिंतीच्या आधी, छपराच्या आधी माणूस ठरवतो की पाणी इथपर्यंत येणार आणि आपण त्याच्या वर राहणार. ते एकदा सोडलं की बाकी सगळी डागडुजी.

संध्याकाळी गुहागर. गुहागरचा स्टँड समुद्राच्या इतका जवळ आहे की गाडीतून उतरल्यावर थेट खारा वारा लागतो. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा लांबच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना वाड्या. घराची जागा अरुंद पण खोल. आम्ही ज्या काकूंकडे उतरलो त्यांचं घर असंच, रस्त्याकडून शिरलं की बेडं, म्हणजे फाटक, मग चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची पाखाडी, म्हणजे पायवाट, मग सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि वर मांडव, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, आणि तिथून पुढे माड-पोफळी थेट सुरूच्या झाडांपर्यंत, पलीकडे वाळू.

"ये गो, आत ये, पाय धू आधी," काकू म्हणाल्या आणि मागे घेऊन गेल्या तेव्हा मी मधेच थांबले. पुढच्या दारात उभं राहिलं की मागचं दार सरळ रेषेत दिसतं. ओटीचं दार, माजघराचं दार, मागच्या पडवीचं दार, सगळी एका ओळीत. दुपारी दोन्ही दारं उघडी टाकली की समुद्राचा वारा मागून शिरतो आणि घरातून चालत पुढे निघून जातो, पंखा लावायची गरज काकूंना वाटत नाही. न्हाणीचं पाणी पन्हळीतून सरळ माडाच्या आळ्यात. एक थेंब वाया नाही. हे सगळं कुणी आर्किटेक्टने कागदावर काढलं नव्हतं, गवंडी, सुतार आणि घरातली माणसं यांनी मिळून जमिनीवर उभं राहून ठरवलं होतं.

माजघरात दिवसाही अंधार असतो ही कोकणातल्या घराबद्दलची नेहमीची तक्रार. आहे अंधार. पण एप्रिलच्या शेवटी, बाहेर ऊन फोडून काढत असताना त्या अंधारात पाऊल टाकलं की अंगाला जे वाटतं ते मी शब्दात नीट सांगू शकत नाही. आणि अगदीच काळोख नको म्हणून छपरात एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. काकू म्हणाल्या की तो चौकोन पेटाऱ्याजवळ आला की चहा टाकायचा, सासूबाईंच्या वेळेपासून तसंच.

शुक्रवार : हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड

सकाळच्या गाडीने निघालो. या रस्त्यावर दर थोड्या अंतराने एसटीचे निवारे लागतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून लिहायचंय. तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, चौथी बाजू उघडी, आत भिंतीला लागून सिमेंटचा किंवा चिऱ्याचाच बाक, वर कौलं किंवा पत्रा. इमारत म्हणून याहून कमी काही असूच शकत नाही. पण यात डोकं किती घातलंय बघा. चांगल्या निवाऱ्यांची पाठ नैऋत्येकडे असते, म्हणजे पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूला सलग भिंत. उघडी बाजू रस्त्याकडे. आणि ज्या बाजूने गाडी येणार त्या भिंतीला एक झरोका ठेवलेला, एका चिऱ्याएवढा, बसल्या जागेवरून वळणावरची गाडी दिसावी म्हणून. एका निवाऱ्यात मी मुद्दाम उतरले, पुढची गाडी दीड तासाने होती तरी उतरले. बाकावर बसून बघितलं, झरोका बरोबर डोळ्यांच्या उंचीला. कडा हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झालेल्या, कारण येणारा प्रत्येक माणूस तिथे हात टेकवून वाकून बघतो. भिंतीवर निवडणुकीचे जुने रंग, कुणाकुणाची नावं, कोपऱ्यात कुणीतरी ठेवलेली नारळाच्या हिराची झाडू. म्हणजे ही जागा कुणीतरी झाडतं. एक आजोबा आले, काजूची पिशवी घेऊन, बाकाच्या अगदी आतल्या टोकाला बसले आणि म्हणाले की पावसात तेवढीच जागा कोरडी राहते म्हणून सवय लागलीय, उन्हाळ्यातही तिथेच बसतो.

आता जे नवीन निवारे येतायत ते स्टीलच्या पाइपाचे, मागे पारदर्शक किंवा जाळीचा पत्रा, वर कमानदार छप्पर, आणि पुढाऱ्याचा फोटो. शहरात चालत असतील. इथे जुलैत त्यात उभा राहिलेला माणूस चारही बाजूंनी भिजतो. तालुक्याला बसून एकच डिझाइन सगळीकडे लावलं की हे होणारच, आणि मला याचा राग येतो कारण बरोबर उत्तर त्याच रस्त्यावर शंभर पावलांवर उभं असतं, चिऱ्याचं.

शाळाही बघितली एक. जिल्हा परिषदेची, सुट्टी लागलेली म्हणून बंद, पण व्हरांडा उघडा. लांबट कौलारू इमारत, ओळीने वर्गखोल्या आणि त्यांच्यासमोर इकडून तिकडे सलग पडवी. पावसाळ्यात मधल्या सुट्टीत मुलं जाणार कुठे, मैदानात तर चिखल, म्हणून ही पडवी रुंद ठेवलेली, चांगली सात-आठ फूट. तिथेच डबे, तिथेच लंगडी, तिथेच छत्र्या वाळत घालायच्या. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलाय, पहिलीच्या मुलाला बोट ठेवता येईल असा. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. बहीण शिक्षिका आहे, मुंबईत सात मजली शाळेत शिकवते, ती त्या पडवीत खूप वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे मुलांना वर्गातून बाहेर पडलं की जिनाच आहे गं."

तवसाळला पोचून जंगलजेटीने पलीकडे जयगड. शास्त्री नदीच्या मुखाशी ही फेरी चालते, गाड्या, बाईक, माणसं, सगळे एकाच डेकवर. तिकिटाची केबिन छोटीशी, उतार पाण्यात गेलेला. पटकन पार झालो.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपून ठेवलंय. १८६६ चा त्यांचा जन्म. लोक तिथे कवितेसाठी जातात, जावंच, मी मात्र घर बघायला गेले होते. साधं घर. पेशाने शिक्षक असलेल्या कवीचं घर जेवढं साधं असायला हवं तेवढंच. मला आवडलं ते हे की एका साध्या घराला स्मारक व्हायचा मान मिळाला, त्याच्या जागी संगमरवरी काहीतरी उभं केलं नाही. दार बुटकं, आत जाताना वाकावं लागतं. ओटीवर बसून बाहेर बघितलं तर छपराची वळचण इतकी खाली येते की आकाश दिसत नाही, फक्त अंगण दिसतं. पावसात इथून पागोळ्यांचा पडदा दिसत असेल. खाली उतरलेली वळचण हा कोकणातल्या घराचा सगळ्यात शहाणा भाग आहे असं माझं मत, भिंतीवर पाणी पडूच द्यायचं नाही, मग भिंत मातीची असली तरी टिकते.

शनिवार : रत्नागिरी

सकाळी रिक्षावाल्या दादांना विचारलं की जवळपास चिरेखाण आहे का बघायला, त्यांना आधी कळेना की बायकांना चिरेखाणीत काय बघायचंय, मग स्वतःच उत्साहाने घेऊन गेले. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, खाण होती. जमिनीवर रेघा मारल्यासारखे मशीनचे काप, आडवे आणि उभे, आणि मग एकेक चिरा उपटून काढायचा. लाल धूळ इतकी की कामगारांच्या पापण्याही लाल. पूर्वी हेच काम टिकाव-पहारीने हाताने व्हायचं. ताजा काढलेला चिरा हातात घेतला तर नखाने ओरखडा उठतो, ओलसर असतो. हवेत राहिला की कडक होत जातो. हा या दगडाचा विशेष गुण, जांभ्यात लोह भरपूर, हवा लागून सुकत गेला की तो आवळतो. म्हणून जाणती माणसं चिरा खाणीतून आणला की लगेच भिंतीत घालत नाहीत, रचून ठेवतात, एखादा पावसाळा खाऊ देतात. आता घर चार महिन्यांत हवं असतं, कोण थांबणार.

चिऱ्याची भिंत प्लॅस्टर न करता तशीच ठेवली तर तिच्यासारखी सुंदर भिंत नाही. भोकाभोकांचा पृष्ठभाग, लाल, पिवळा, मधूनच जांभळट, आणि दोन पावसाळे गेले की त्यावर शेवाळं चढतं. मला कळत नाही की लोक त्यावर सिमेंट थापून वर पोपटी आणि गुलाबी रंग का देतात. म्हणजे कारण कळतं, उघडा चिरा म्हणजे अर्धवट राहिलेलं घर असं वाटतं, शेजारी विचारतात गिलावा कधी करणार. पण तरीही वाईट वाटतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पाहिलं, १८५६ चा जन्म त्यांचा. ते स्मारक वगैरे सगळं ठीक, पण मी तिथे गेले की मला दिसतं ते एका मध्यमवर्गीय कुटुंबाचं कौलारू घर, वर माडी, लाकडी जिना, गजांच्या खिडक्या. खिडक्यांचं बघा, जमिनीपासून फार वर नाहीत. घरातली माणसं जमिनीवर बसायची, मग बसलेल्या माणसाला वारा आणि रस्ता दोन्ही मिळावं म्हणून खिडकी खाली. आपण खुर्चीवर बसायला लागलो आणि खिडक्या वर गेल्या.

मग थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून हिंदुस्थानात आणलं, रत्नागिरीत ठेवलं, आणि त्याच्यासाठी हा वाडा १९१० च्या सुमारास बांधला गेला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. ही काही साधी इमारत नाही, माझ्या यादीत ती बसत नव्हती, पण बहिणीला बघायची होती. आत फिरताना लक्षात आलं की राजवाडा झाला तरी दगड तोच, जांभा, आणि छपराचा उतारही तसाच, कारण पाऊस राजाला वेगळा पडत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. एवढं पाणी डोक्यावर घेऊन उभं राहायचं तर सपाट छप्पर हा विचारच चुकीचा.

संध्याकाळी पाखाड्यांमधून फिरलो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून पायऱ्या पायऱ्यांची वाट, गाडी जाऊच शकत नाही. त्यामुळे तिथे अजून माणसं हळू चालतात, थांबून बोलतात. काही पाखाड्यांवर आता सिमेंट ओतलंय, पावसात त्यावरून पाय सरकतो असं तिथल्या एक बाई सांगत होत्या, चिऱ्यावर सरकत नसे.

रविवार : आडिवरे, राजापूर

पावस, मग पूर्णगडजवळ मुचकुंदीवरचा पूल, मग आडिवरे. महाकालीचं देऊळ. कोकणातल्या देवळात मला गाभाऱ्याइतकाच सभामंडप बघायला आवडतो, कारण गाभारा देवाचा आणि मंडप गावाचा. कौलारू छप्पर, खाली लाकडी खांब, कडेने बसायला कठडे, बाजू उघड्या. इथे पालखीच्या आधी माणसं जमतात, भांडणं मिटतात, भजनं होतात, दुपारी कुणीतरी पंचा तोंडावर घेऊन झोपलेलं असतं. पायाखालची फरशी थंडगार. आम्ही गेलो तेव्हा दोन पोरं कठड्यावर बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होती आणि पुजारीकाका त्यांना स्कोअर विचारत होते. एवढी मोकळी, एवढी सगळ्यांना सामावणारी खोली शहरात कुठे आहे सांगा. अलीकडे जीर्णोद्धार म्हणून बरीच मंडळी लाकडी मंडप उतरवून सिमेंटचे करतात, आत चकचकीत टाइल्स, भिंती बंद, मग पंखे, मग दिवे. श्रद्धेनेच करतात, वर्गणी काढून, मुंबईकर चाकरमानी हजारो रुपये पाठवतात. त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण लाकूड उतरवायच्या आधी एकदा जुन्या सुताराला दाखवा एवढंच म्हणणं आहे.

राजापूर बाजारात पोचलो तेव्हा दुपार. अर्जुना आणि कोदवलीच्या पाण्याने जवाहर चौक दर पावसाळ्यात भरतो हे सगळ्यांना माहीत. इथल्या जुन्या दुकानांमध्ये ते माहीत असल्याचं दिसतं. खाली दुकान, वर माडी, आणि माडीच्या तक्तपोशीत, म्हणजे दुकानावरच्या लाकडी छतात, मधोमध एक झडप. पाणी चढायला लागलं की माल खालून थेट झडपेतून वर ओढून घ्यायचा. एका किराणा दुकानदारांनी मला ती झडप दाखवली, वर लोखंडी कडी होती, दोर बांधायला. म्हणाले, "वडलांच्या वेळेला गूळ, तांदूळ, सगळं तासाभरात वर जायचं." मुंबईत आम्ही ज्याला डिझॅस्टर मॅनेजमेंट म्हणतो ते यांच्या छतात दोन फूट बाय दोन फूट जागेत बसवलेलं होतं.

सोमवार : मालवण आणि मामाचं घर

कणकवलीवरून मालवण. मालवणच्या बाजारपेठेत अजून जुनी दुमजली कौलारू घरं उभी आहेत, पुढे लाकडी सज्जे, खाली फळ्यांचे दरवाजे असलेली दुकानं. एकेक फळी खाचेतून सरकवून काढायची, क्रमांक टाकलेल्या असतात म्हणजे लावताना चुकत नाही. शटर आलं आणि हे गेलं, तरी काही ठिकाणी आहे.

तिथून मामाकडे, आचऱ्याच्या बाजूला. आणि इथे खरं म्हणजे या सगळ्या फिरण्याचा एक व्यावहारिक भागही होता. मामाचं कौलारू घर उतरवून स्लॅबचं करायचं घरात चाललंय, मामेभाऊ पुण्याहून पैसे पाठवायला तयार आहे, आणि मामाने मला बोलावलं होतं की तू ही कामं समजतेस, येऊन बघ.

आम्ही गेलो तेव्हा खळ्यात आमसुलं वाळत घातलेली. मामी म्हणाली, "कौलांवर कोण चढतलो आता? माणसां मिळनत नाय. आणि माकडा बघ, सकाळधरना नाचतत." हे खरंय आणि शहरात बसून कौलारू घराचं कौतुक करणाऱ्यांनी हे ऐकायलाच हवं. माकडं एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि दर उडीला चार कौलं फुटतात. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करून घ्यायला, पूर्वी वाडीतली माणसं एकमेकांकडे जायची, आता मजुरी द्यायची तरी माणूस नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मामाच्या पुढच्या पडवीची कौलं गेली आणि मामी रात्रभर माजघरात बसून होती. तिला स्लॅब हवा असेल तर मी तिला चूक कशी म्हणू.

पण मामाचं म्हणणं वेगळं. "स्लॅब घातलंव तरी वरसून पत्रो घालूकच लागता. शेजाऱ्यान घातल्यान मां." वाडीत फिरून बघितलं, खरोखर प्रत्येक स्लॅबच्या घरावर लोखंडी सांगाड्यावर उतरता पत्रा आहे. कारण तेच, तीन-चार पावसाळ्यांत स्लॅब पाझरायला लागतो. म्हणजे शेवटी सगळे परत उतरत्या छपरावरच येतात, फक्त मधे काही लाख रुपये खर्च करून, आणि उन्हाळ्यात तापणारी खोली पदरात पाडून.

दुपारी मी आणि मामा शिडी लावून मागच्या पडवीवर चढलो. एक कौल उचलून उलटं केलं, पाठीवर दाबलेली इंग्रजी अक्षरं, अर्धी झिजलेली, मंगलोर तेवढं वाचता आलं. ही कौलं मंगलोरी का म्हणतात तर बासेल मिशनच्या लोकांनी मंगलोरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने, आणि तिथून पुढे बरेच कारखाने निघाले. गलबतांतून ही कौलं किनाऱ्याने वर येत, बंदरात उतरत, मग बैलगाडीने नाहीतर डोक्यावरून घरी. त्याआधी कुंभाराने केलेले नळे असत, किंवा गवत नि झापं. मंगलोरी कौलाची गंमत त्याच्या कडांमध्ये आहे. एका कडेला पन्हळ, दुसऱ्या कडेला उंचवटा, एकात एक अडकतं, आणि मागे एक नाक असतं ते रिपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर, बसतं. ना खिळा ना सिमेंट. फुटलं तर तेवढंच काढून दुसरं सरकवायचं. आणि दोन कौलांमधल्या बारीक फटीतून घरातली गरम हवा वर निघून जाते, म्हणून कौलारू घर श्वास घेतं असं म्हणतात ते अगदी खरं.

मग वासे बघितले. मामाच्या ओळखीचे सुतारकाका आले होते, साठीचे, हातात पटाशी. प्रत्येक वाशाला आधी ठोकून बघायचे, आवाज ऐकायचे, मग संशय आला तर पटाशीचं टोक आत दाबायचं. माजघरावरचं आढं आणि तुळया फणसाच्या, आवाज खणखणीत. खांब किंजळीचे, तेही ठीक. मागच्या पडवीचे ऐनाचे वासे मात्र टोकाला पोकळ, पटाशी सरळ आत गेली. सुतारकाकांनी कारण सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. जुन्या स्वयंपाकघरावरचे वासे अजून काळेकुट्ट आणि शाबूत आहेत, कारण तिथे चूल होती, वर्षानुवर्षं धूर लागत होता, धुरामुळे भुंगा आणि वाळवी त्या लाकडाजवळ जात नाही. गॅस आला, चूल बंद झाली, घर वर्षातले आठ महिने बंद राहायला लागलं आणि लाकूड खायला सुरुवात झाली. "घरात माणूस व्हयो, मगे घर ऱ्हवता," ते म्हणाले आणि पुढच्या वाशाकडे गेले.

मंगळवार : परत निघताना

सकाळी ओटीवर बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं. मामेभाऊ व्हिडीओ कॉलवर. स्लॅब सध्या नाही. माजघर, देवघर, ओटी यांचं लाकूड तसंच ठेवायचं, त्याला तेल लावायचं. मागच्या पडवीचे वासे काढून तिथे लोखंडी पाइपाचा सांगाडा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर पुन्हा हीच कौलं, म्हणजे माकडांनी फोडली तरी मामीच्या अंथरुणावर पाणी येणार नाही. हवा थोडी अडेल, म्हणून आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवायचे. मोरी आणि संडास मात्र नवीन, स्लॅबचे, घराला जोडून, कारण रात्री पावसात अंगण ओलांडून जायचं मामीचं वय राहिलेलं नाही आणि तिथे जुन्याचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही. आणि पुढच्या पडवीच्या कडेची कौलं तारेने बांधून घ्यायची, वादळाच्या भीतीने. मामीने विचारलं, "पाणी गळाचा नाय मां?" सुतारकाका म्हणाले, "गळला तर माका बोलव."

मृग लागायच्या आत काम व्हायला हवं, म्हणजे हातात महिनाभर. कौलं उतरवायला मामाने दोन माणसं सांगून ठेवलीयत, वाडीतलीच, काजूचं काम संपलं की येतील. फुटलेल्यांच्या जागी जुनीच कौलं हवीत, नवीन मापात बसत नाहीत, तर पलीकडच्या वाडीत एक घर पाडतायत तिथली मामा टेम्पोने आणणार आहे. बहिणीची शाळा जूनमध्ये उघडते, ती म्हणाली मी पण येते. आता तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून हे लिहितेय, मेच्या दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट वेटिंगवर आहे, नाही झालं कन्फर्म तर रात्रीच्या एसटीने जाऊ.